कापूस, ताग, अंबाडी, भांग: कापडाच्या झाडांची जुनी चित्रं भिंतीवर लावताना

2025 च्या 7 ऑगस्टला, राष्ट्रीय हातमाग दिनाच्या निमित्ताने, वर्ध्यातल्या एका महाविद्यालयात धाग्याच्या झाडांची आठ जुनी चित्रं लागली. जुनी म्हणजे 1678 ते 1907 या काळातल्या पुस्तकांतली. ती शोधण्यापासून खिळे ठोकेपर्यंतचं काम माझ्याकडे होतं. जानेवारीत होकार दिला आणि शेवटचं बिल निघालं ते दिवाळीनंतर. "नेटवरून डाउनलोड करायची, प्रिंट मारायची, त्यात एवढं काय?" हे घरच्यांपासून फ्रेमवाल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. डाउनलोडला खरोखरच एक संध्याकाळ पुरते. बाकीचे महिने कुठे जातात ते लिहितेय, कारण आता दोन शाळांनी असंच काही करायचं म्हणून विचारणा केली आहे आणि प्रत्येक वेळी फोनवर पहिल्यापासून सांगायला घसा पुरत नाही.

माझा धंदा हातमागाच्या कापडाचा. सूत कळतं, झाडं फारशी कळत नव्हती. गृहविज्ञान विभागाच्या मॅडमना हातमाग दिनाला नेहमीच्या साड्यांच्या मांडणीऐवजी वेगळं काही हवं होतं. त्यांचं म्हणणं असं की, मुली लिनन म्हणतात, ज्यूट म्हणतात, पण ते कुठल्या झाडाचं, हे त्यांना दाखवता येत नाही. मंजूर रक्कम 25,000 रुपये, त्यात सगळं बसवायचं.

सुरुवात मी बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर केली. जगभरातल्या वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथालयांनी मिळून 2006 पासून चालवलेला हा साठा फुकट आहे आणि खातंही उघडावं लागत नाही. तिथे 'कॉटन' टाकून काही हाती लागत नाही, हजारो पानं अंगावर येतात. शोधायचं ते लॅटिन नावाने, आणि तेही त्या काळच्या नावाने. आपली काटेसावर आज बॉम्बॅक्स सीबा आहे, जुना वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग याच्या पुस्तकात ती बॉम्बॅक्स हेप्टाफिलम म्हणून सापडते. रॅमी हे धाग्याचं झाड आज बोहमेरिया निव्हिया, तेव्हा ते अर्टिका या प्रजातीत घातलेलं. जुन्या नावावरून आजचं आणि आजच्यावरून जुनं काढायला लंडनच्या क्यू उद्यानाचं 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' आहे, तेही फुकट. दोन खिडक्या शेजारी शेजारी उघड्या ठेवल्या की काम सरकतं.

फाइल कुठली घ्यायची हेही सांगून टाकते. पडद्यावर सुंदर दिसणारी जेपीजी ए2 आकारात छापली की पानाच्या कडा पिठूळ होतात. ए2 ला इंचाला 300 ठिपके हवे असतील तर चित्र साधारण 5,000 बाय 7,000 पिक्सेलचं लागतं. इंटरनेट अर्काइव्हवर त्याच पुस्तकाच्या पानावर डाउनलोडच्या यादीत 'जेपी2' असं लिहिलेली भली मोठी झिप असते, त्यात सगळ्यात मोठा आकार मिळतो. एक पुस्तक उतरवायला आमच्या इंटरनेटला रात्र लागली. चित्र चार-पाच फुटांवरून बघायचं असेल तर 200 ठिपक्यांवरही भागतं, त्यामुळे थोडी कमी फाइल असली तरी हिरमुसून जाऊ नका.

हक्कांचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही, पण लेखी ठेवावा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो. माझ्या यादीतला सर्वांत अलीकडचा ग्रंथकार जॉर्ज वॅट, तो 1930 मध्ये गेला. म्हणजे कायद्याने सगळंच मोकळं. तरी ज्या संस्थेने स्कॅन केलं तिच्या अटी वेगळ्या असू शकतात. काही ठिकाणी 'पब्लिक डोमेन' असं स्वच्छ लिहिलेलं असतं, काही ठिकाणी 'व्यावसायिक वापर नाही'. मी प्रत्येक चित्राच्या पानाचा स्क्रीनशॉट, पत्ता आणि उतरवल्याची तारीख एका वहीत चिकटवली. पुढे समितीपुढे ही वहीच कामी आली.

एका बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा लागला. विल्यम रॉक्सबर्गने कलकत्त्याच्या बागेत असताना भारतीय चित्रकारांकडून अडीच हजारांहून अधिक जलरंगातली चित्रं काढून घेतली होती. त्यांचा एक संच हावड्याला आहे, दुसरा क्यूला. छापील पुस्तकात त्यातली थोडीच आली. मला मूळ जलरंगच हवे होते. परदेशातल्या एका संग्रहाला मेल केली. उत्तर आठवड्याभरात आलं, अगदी सौजन्याने, सोबत एक फॉर्म: किती आकारात छापणार, किती प्रती, किती महिने लावणार, तिकीट आहे का. भरून पाठवला. दर आला तो पाहून मॅडमना फोनसुद्धा केला नाही. मग त्याच रॉक्सबर्गच्या 'प्लँट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमंडेल'ची छापील पानं घेतली. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सच्या देखरेखीखाली 1795 पासून पुढे पंचवीस वर्षं निघत राहिलेलं, 300 चित्रांचं हे पुस्तक. अंबाडी आणि ताग (सनाचा, ज्यूटचा नव्हे) दोन्ही तिथलेच.

फेब्रुवारीअखेर माझ्याकडे पंधराएक चित्रं होती आणि मी खुशीत होते. मग ती वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त सरांना दाखवली. त्यांनी चहा येईपर्यंत त्यातली सहा बाजूला काढली.

कापसाचं उदाहरण सांगते, कारण आपल्याकडे त्याचंच महत्त्व. चित्रं विकणाऱ्या एका वेबसाइटवर 'भारतीय कापूस' म्हणून एक फार देखणं पान होतं. सरांनी भिंग घेतलं आणि बोंडाखालच्या तीन हिरव्या पानांवर ठेवलं. पातं धरतं तेव्हा त्याला वेढून असतात ती पानं. "हे बघा, कडा कशा खोल चिरलेल्या आहेत, झालरीसारख्या. ही अमेरिकन जात. देशी आर्बोरियममध्ये ही पानं लांबट त्रिकोणी, कडा जवळपास सरळ, टोकाला तीन-चार दाते असले तर असले. आणि बोंड बघा, गोलसर. देशीचं निमुळतं असतं, टोकदार." मग त्यांनी परसातून देवकापसाची एक फांदी तोडून आणली आणि चित्राशेजारी ठेवली. पान बोटांसारखं खोल फाटलेलं, बोंड खाली मान घातलेलं. चित्रातलं झाड दुसरंच होतं, यात मलाही शंका राहिली नाही.

जगात कापसाच्या चार जाती लागवडीत आहेत. आर्बोरियम आणि हर्बेशियम या जुन्या जगातल्या, हिर्सुटम आणि बार्बाडेन्स अमेरिकेतल्या. विदर्भात आज जिकडेतिकडे दिसतो तो हिर्सुटम. त्यामुळे 'आपला कापूस' म्हणून कुठलं चित्र लावायचं, हा नुसता सजावटीचा प्रश्न राहत नाही. आम्ही ठरवलं की आर्बोरियमही लावायचा आणि हिर्सुटमही, दोन्ही शेजारी, खाली बोंडाच्या पानांकडे बोट दाखवणारी एक ओळ. दोन्ही वॅटच्या 1907 च्या पुस्तकातून घेतले. कापसाच्या रानटी आणि लागवडीतल्या जातींवरचं हे पुस्तक, कडा-दाते-बोंड नीट दाखवायचे असतील तर मला तरी त्याच्याइतकं उपयोगाचं दुसरं सापडलं नाही.

अंबाडीलाही असाच फाटा आहे. भाजीसाठी बाजारात येते ती कधी हिरव्या देठाची, कधी लाल. दोराच्या वाखासाठीची म्हणजे हिबिस्कस कॅनाबिनस, आणि लाल अंबाडी म्हणजे हिबिस्कस सबदरिफा. कॅनाबिनसचं फूल फिकट पिवळं, मधे गडद लाल. खालची पानं अखंड आणि वरची बोटांसारखी विभागलेली, एकाच झाडावर. मुलींनी ती भाजी शंभरदा निवडली असेल, पण तिच्या सालीपासून कासरा होतो हे चित्र पाहून कळलं, असं दोघी-तिघींनी सांगितलं.

एप्रिलमध्ये मुंबईला गेले होते, तेव्हा वॅटचं पुस्तक प्रत्यक्ष बघायचं ठरवलं. स्कॅनमधला पिवळा रंग कागदाचा की कॅमेऱ्याचा, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. एका जुन्या ग्रंथालयात ते होतं. आधी ईमेल, मग महाविद्यालयाच्या लेटरहेडवर परिचयपत्र, आधारची प्रत, दोन फोटो आणि 'कशासाठी पाहायचं आहे' याचा अर्ज. उत्तराला तीन आठवडे लागले. दुर्मीळ पुस्तकांच्या खोलीत पेन नेऊ देत नाहीत, शिसपेन चालते. बॅग बाहेर. फोटो फ्लॅशशिवाय, आणि प्रत्येक फोटोमागे शुल्क, त्याची पावती लेखा विभागातून आणायची आणि ती खिडकी दुपारी दीडला बंद होते. तेव्हा सकाळीच पोचा आणि सुटे पैसे ठेवा. पुस्तक उशीवर ठेवून देतात, पान उलटताना तळहात खाली घालायचा. मी रंगछटांची एक छापील पट्टी बरोबर नेली होती. पानाशेजारी धरून आकडे टिपले. स्कॅन थोडा लालसर होता, कागद प्रत्यक्षात सायीच्या रंगाचा.

त्याच फेरीत जुन्या वस्तूंच्या बाजारातही डोकावले. एका दुकानात अळशीचं 'ओरिजिनल, शंभर वर्षांपूर्वीचं' पान 4,500 रुपयांना होतं. दहा पटींचं भिंग खिशात होतंच. आधुनिक ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके नेमाने फुलासारखे मांडलेले दिसतात, शिळाछापाच्या जुन्या रंगीत चित्रात ते वेडेवाकडे, हाताने टाकलेले असतात. रविवर्मा प्रेसच्या जुन्या लक्ष्मी-सरस्वती ज्यांनी जवळून पाहिल्या असतील त्यांना हा फरक लगेच कळेल. या पानावर सगळीकडे शिस्तीत फुलं होती. कागदाला चहाचा रंग दिला होता तो मागच्या बाजूला उतरलेला. भिंग 250 रुपयांना मिळतं, घेऊन ठेवा. आणि पान खरं असतं तरी मी घेतलं नसतं. अशी सुटी पानं बहुतेकदा धड पुस्तक फाडूनच बाजारात येतात.

अळशीसाठी, म्हणजे ज्याच्या धाग्याचं लिनन होतं त्या जवसासाठी, शेवटी क्योलरच्या जर्मन औषधी वनस्पतींच्या ग्रंथातलं पान घेतलं. 1887 पासून निघालेला हा ग्रंथ, त्यातली चित्रं नेटवर इतकी फिरतात की पर्सवर आणि कपांवरही दिसतात. पण चित्र म्हणून उत्तमच आहे: निळं फूल, खाली बोंडी कापून दाखवलेली, बी वेगळं. भांगेचं चित्रही तिथलंच. आणि तिथेच आमची गाडी रुतली.

मे महिन्यात यादी महाविद्यालयाच्या खरेदी आणि कार्यक्रम समितीपुढे गेली. बाकी सगळ्यांवर खूण झाली आणि चौथ्या क्रमांकासमोर लाल शाईत लिहून आलं, 'गांजाचे चित्र? खुलासा करावा.' मॅडम म्हणाल्या, "सोडून द्या ना ते एक." माझा जीव अडकला होता, कारण हेम्पचा, म्हणजे भांगेच्या धाग्याचा, कपडा आज दुकानात येतोय, मुली त्याबद्दल विचारतात आणि झाड दाखवायचं नाही, हे काही पटेना. मग खुलासा लिहिला. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात 'गांजा' म्हणजे या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. त्याच कायद्याच्या 14 व्या कलमात सरकारला धाग्यासाठी किंवा बियांसाठी लागवडीची परवानगी देता येते. उत्तराखंडने 2018 मध्ये अशी परवानगी दिली. छापील चित्र लावायला कुठलीही बंदी नाही. हे सगळं एका पानात, कलमाची छापील प्रत जोडून, विभागप्रमुखांच्या सहीने आवक-जावक नोंदवून दिलं. आवक क्रमांक लिहून घ्यायला विसरू नका. पुढच्या बैठकीला कोरम भरला नाही. त्याच्या पुढची जूनच्या शेवटी झाली. मंजुरी आली ती एका अटीवर: मथळ्यात 'भांग' असं एकटं न लिहिता 'भांग (धाग्यासाठी)' लिहावं. लिहिलं.

याच काळात मथळे तयार होत होते आणि त्यात माझा सगळ्यात जास्त जीव रमला. 'हॉर्टुस मालाबारिकुस'चा कापूस हे आमचं सगळ्यात जुनं चित्र, पहिल्या खंडातलं, 1678, ॲमस्टरडॅम. काळंपांढरं, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हॅन रीड याने बारा खंडांत केलेलं हे काम. चित्रातच झाडाचं नाव रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी लिपीत कोरलेलं आहे. नागरी कुठून आली? रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांकडून. त्यांचं कोकणीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचंही आहे. ज्यांनी झाड ओळखून दिलं त्यांची नावं साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकात आहेत, आणि त्यानंतर शतकभराने छापलेल्या कोरोमंडेलमध्ये अंबाडी रंगवणाऱ्या माणसाचं नाव नाही!

सगळीकडे असं नव्हतं. वनस्पतिशास्त्रज्ञ वॉलिचच्या 1830 च्या दशकातल्या पुस्तकात विष्णुप्रसाद आणि गोराचंद या चित्रकारांची नावं चित्राखाली आहेत. मद्रासकडे रॉबर्ट वाइटने गोविंदू या आपल्या चित्रकाराच्या नावावरून ऑर्किडच्या एका प्रजातीला नाव दिलं. आणि आपल्या पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत 1847 ते 1850 मध्ये अलेक्झांडर गिब्सनने काढून घेतलेली चित्रं आज एडिनबर्गच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत, चित्रकार मात्र अज्ञात. नाव सापडत नसेल तर मथळ्यातली ती जागा कोरी सोडतात. मी प्रत्येक ठिकाणी 'चित्रकार: भारतीय, नाव नोंदलेलं नाही' असं लिहिलं. विभागातल्या एका सरांना ते उगाच वाटलं. मी ठेवलं.

छपाईसाठी तीन कोटेशनं लागली, सीलबंद. नागपुरात कॉटन रॅग, म्हणजे कापसाच्या लगद्याच्या, कागदावर छापणारे मोजके, त्यामुळे तिसरं कोटेशन मिळवणं हेच मोठं काम. ए2 चा एक प्रिंट 1,100 रुपयांना पडला. साधा चकचकीत फोटो कागद तिप्पट स्वस्त होता, पण त्यावर कोरीव रेषा ओल्या दिसतात. आधी प्रत्येक फाइलचा तळहाताएवढा तुकडा छापून घ्या, तो पाहून मगच पूर्ण आकार. पार्श्वभूमी पांढरीशुभ्र करून देतो, असं छापणारा दादा आग्रहाने सांगत होता. मी नको म्हटलं. कागद जुना आहे तर जुना दिसू दे. फक्त लालसरपणा काढला, ग्रंथालयातले आकडे समोर ठेवून.

फ्रेमवाल्याने एक गोष्ट फार उपयोगाची सांगितली. "ताई, काच नका लावू. एक फुटली की पोरीच्या पायात जाईल, अन् वजन तं बघा." ॲक्रेलिक लावलं. चित्र आणि ॲक्रेलिक एकमेकांना टेकू नये म्हणून मधे आम्लरहित माउंटबोर्ड. फ्रेम 950 रुपयांना एक. पावसाळ्यात मागच्या बाजूला नुसता पुठ्ठा लावू देऊ नका, ओल धरतो. प्रवास, ग्रंथालय शुल्क, नमुना प्रिंट आणि मथळे धरून सगळा खर्च 22,000 च्या आतबाहेर गेला.

7 तारखेला गर्दी बरी होती. जवळच्या गावातले काही शेतकरी सूत विभागाच्या कार्यक्रमाला आले होते. एक काका जवसाच्या चित्रापुढे थांबले, मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाले, "ही काही आपली जवस नाही बा. आपली एवढी उंच नाही होत, अन् तिला फांद्या किती!" बरोबर होतं. आपण तेलासाठी लावतो तो बुटका, फांद्यांचा. धाग्यासाठीचा उंच, सरळ, फक्त शेंड्याला फुटणारा, कारण फांदी फुटली की लांब धागा तुटतो. झाड एकच, लायनम युसिटॅटिसिमम. मथळ्यात हे नव्हतं. दुपारी प्रिंट काढून खाली एक पट्टी चिकटवली.

बिलाचं सांगते, कारण तेच कोणी सांगत नाही. काम सुरू करण्याआधी व्हेंडर म्हणून नोंदणी करून घ्या: पॅन, रद्द केलेला चेक, बँकेचं पत्र. मूळ पावत्यांवर महाविद्यालयाचंच नाव हवं, तुमचं चालत नाही, म्हणून छापणाऱ्याला आणि फ्रेमवाल्याला आधीच बजावून ठेवा. प्रत्येक पावतीमागे विभागप्रमुखांची 'माल मिळाला' अशी सही आणि साठा नोंदवहीतला पान क्रमांक लागतो. मुंबईच्या ग्रंथालयाची पावती थर्मल कागदावर होती, ऑगस्टपर्यंत ती कोरी झाली. मी मे महिन्यातच तिची झेरॉक्स काढून साक्षांकित करून ठेवली होती, म्हणून ते पैसे मिळाले. छापणाऱ्याने मात्र निम्मी रक्कम आगाऊ मागितली होती. महाविद्यालय आगाऊ देत नाही. ती मी माझ्या खिशातून भरली आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत मिळाली.